लेकीचं गाव कुठवर?

गोंदिया न सोडता मी चार राज्यांत तांगा हाकला आहे. पहिल्यांदा स्टेशनाबाहेर घोडी उभी केली तेव्हा आम्ही मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो. मग मध्यप्रदेशात गेलो, मग मुंबई राज्यात, आणि शेवटी महाराष्ट्रात. राज्यं आली आणि गेली, पण माझी चमेली घोडी मात्र त्याच रस्त्यानं, त्याच खड्ड्यांतून चालत राहिली. राजधानी कुठं गेली याची तिनं कधी चौकशी केली नाही.

आता मी सायकलच्या दुकानात बसतो. एका दिवाळी अंकाच्या संपादकबाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "नत्थूभाऊ, अंकासाठी तांग्याच्या आठवणी लिहा, पण जन्मापासून सुरू करू नका." मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या जन्मात माझा स्वतःचा काहीच हात नव्हता, त्याबद्दल काय लिहिणार? पण गोंदिया दाखवण्यात मात्र माझा हात होता, आणि त्याबद्दल मी छाती ठोकून बोलायला तयार आहे.

लोकांना वाटतं, तांगा हाकणं म्हणजे घोडा हाकणं. घोडा तर आपला आपण चालतो. तांगेवाल्याचं काम तोल सांभाळायचं. मागं जास्त वजन झालं की तांगा उलार होतो, म्हणजे दांड्या वर उचलल्या जातात आणि घोडं टाचेवर येतं. पुढं जास्त झालं की सगळा भार त्याच्या खांद्यावर पडतो, त्याला आम्ही दाबू म्हणतो. म्हणून गिऱ्हाईक आलं की पहिली नजर त्याच्या पोटाकडे जायची. सावकार पुढं, मुनीम मागं. सासू पुढं, सून मागं. यावरून भांडणंही व्हायची, कारण पुढं बसायचा मान सगळ्यांनाच हवा असे, पण घोडीला मानपान कळत नव्हता.

माझी खरी कमाई मात्र शहर दाखवण्यातली. धान घरात आलं, मंडया म्हणजे आमच्याकडच्या जत्रा सुरू झाल्या, की झाडीतली, आमच्या जंगल-तलावांच्या मुलखातली माणसं गोंदिया पाहायला निघायची. दरेकशाहून, आमगावहून, तिरोड्याहून, तिकडे नवेगावबांधापासून छोट्या लाइनीच्या गाडीनं. तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर हसाल, की गोंदिया कसलं शहर! हसा. दरेकशाच्या जंगलातून आलेल्या माणसाला आमच्या स्टेशनवर एका वेळी तीन इंजिनं शिट्ट्या मारताना दिसली की तो कान झाकून उभा राही, आणि त्याच्या तोंडावर जो आनंद फुटे तो पाहायला मी रोज तयार होतो. खरं सांगतो, त्या वेळी मलाही वाटायचं की हे सगळं आपणच मांडून ठेवलंय.

नमुनेही भेटायचे. दरेकशाचा एक गोंड पाटील दिवसभर फिरला, गिरण्या पाहिल्या, बाजार पाहिला, आणि संध्याकाळी उतरताना म्हणाला, "घरं लय पाह्यली गा. आता शहर दाखव." तिरोड्याचं एक नवं जोडपं आलं, त्यातल्या नवरीला ना सिनेमा पाहायचा होता ना बाजार. तिचा बाप जन्मभर विड्या ओढत आलेला, तर ती विडी वळतात कशी तेवढंच तिला पाहायचं होतं. अख्खी दुपार ती विडी-कारखान्यात बायकांच्या रांगेत बसून तेंदूपत्ता कापत राहिली आणि नवरा माझ्या तांग्यात घोरत राहिला. पुढं तो संसार कसा झाला असेल याचा मी कधीकधी विचार करतो.

पण या सगळ्यांत मला जे गिऱ्हाईक विसरता येत नाही, ते म्हणजे डोमाजीमामा. त्यांना गोंदिया दाखवायचं नव्हतंच. गोंदिया हे एक गाव नाही, हे सिद्ध करून द्यायचं होतं.

मुंबई राज्य होण्याच्या आधीची गोष्ट, थंडीचे दिवस. मी स्टेशनासमोर चमेलीच्या तोंडाला तोबरा बांधत होतो. गंजाच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत राहणारी देवका समोर येऊन उभी राहिली. तिचा नवरा रेल्वेच्या लोकोशेडमध्ये कामाला होता, माझ्या ओळखीचा. मुलगी एरवी हसतमुख, पण त्या दिवशी डोळे सुजलेले होते.

"नत्थूदादा, माह्या बाबाले गोंदिया दाखवा," ती म्हणाली.

"दाखवतो की. त्यात रडायचं काय?"

मग तिनं सांगितलं. तिचे वडील डोमाजी, नवेगावबांधाकडच्या एका गावचे कोहळी. कोहळ्यांनी आमच्या झाडीत गावोगाव तलाव बांधले, पाण्याला वळण लावलं. त्या लोकांना पाण्याचा अभिमान फार. डोमाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, शस्त्रक्रिया केली तर दिसेल, पण आठवडा-पंधरवडा खाटेवर पडून राहावं लागेल. म्हातारा म्हणाला, जमत नाही. आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

कारण काय, तर पाणी. ज्या गावात लेक दिली त्या गावचं पाणी बापानं प्यायचं नाही, ही जुनी रीत. काही घरांत ती लेकीच्या उंबरठ्यापुरती असते, काही घरांत नातवंड झालं की सुटते. डोमाजींच्या घरात ती कडक होती: गावाच्या शिवेच्या आतला थेंब नाही, आतलं अन्न नाही. देवकाला अजून मूलबाळ नव्हतं. आणि तिचं गाव म्हणजे गोंदिया. एवढं मोठं गोंदिया! म्हातारा घरच्या पाण्याचा तुंबा भरून आणायचा आणि तो संपायच्या आत परत जायचा. पंधरा दिवसांचं पाणी कुठल्या तुंब्यात मावतं?

"लहानशा गावात दिली असती त बाबा बाजूच्या गावचं पानी पेले असते," देवका म्हणाली. "इथं त शिवच दिसत नाई. तुमी त रोज सांगता ना लोकायले, का हे रेलटोली वेगरी, हे बाजार वेगरा? मंग माह्या बाबालेबी सांगा. गोंदिया एक गाव नोहे म्हना. नाईतर ते आंधरे होतीन दादा."

झाडीत 'ळ'चा 'र' होतो, हे बाहेरच्या वाचकांनी ध्यानात ठेवावं. तिनं 'आंधरे' म्हटलं आणि माझ्या अंगात काहीतरी संचारलं. इतकी वर्षं मी गोंदिया दाखवत होतो, पण दाखवून कुणाचे डोळे वाचतील असं कधी वाटलं नव्हतं. मी चमेलीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "आण तुझ्या बाबाला. संध्याकाळपर्यंत पाणी पाजून दाखवतो."

तिनं बापाला निरोप धाडला, की डोळे जायच्या आधी एकदा गोंदिया पाहून जा. म्हातारा लगेच आला. मला वाटलं होतं, कुणीतरी आंबट तोंडाचा माणूस असेल. उतरला तो हसतच. उंच, काठीसारखा सरळ, काखेत तुंबा. डोळ्यांवर दुधाची साय धरल्यासारखी. चमेलीच्या मानेवर हात फिरवत म्हणाला, "घोडी हाये का घोडा?"

"घोडी आहे, मामाजी."

"मंग शानी असन. चाल, जेवढं दिसते तेवढं पाहून घेतो."

मी त्यांना पुढं बसवलं आणि लेकीला मागं. आडवळण मला जमत नाही, म्हणून तांगा हलताच सरळ विषय काढला. मामाजी, तुम्ही गोंदियाला एक गाव का धरता? इथं मोहल्ल्यामोहल्ल्यात बोली वेगळी, देव वेगळे, खाणं वेगळं. मग लेकीचं गाव म्हणजे तिचा मोहल्ला. बाकीचं पाणी तुम्हाला मोकळं.

म्हातारा मोठ्यानं हसला. डाव त्याला कळला होता. "पोरीनं शिकवलं का रे तुले? बरं. मी अडून बसनारा नाई. ज्याचं पानी वेगरं, त्याचं गाव वेगरं. मले पटलं त मी पेईन, आन डोरेबी कापून घेईन. नाई पटलं त सांजच्या गाडीनं वापस."

झालं! माझ्या तांग्यावर असा पैजेचा फेरा कधी लागला नव्हता. मी लगाम झटकला आणि आधी रेल्वेवाल्यांच्या रेलटोलीत शिरलो.

रेलटोली माझा हुकमाचा एक्का होता. तिकडे लाल विटांचे बंगले, दारात कुंड्या, कुणी मद्रासी ड्रायव्हर, कुणी बंगाली बाबू, टोपी घातलेली गार्डाची मेम कुत्र्याला फिरवते आहे. एका घरातून मोहरीच्या तेलाचा वास, दुसऱ्यातून सांबाराचा. डोमाजींना दिसत नव्हतं फारसं, पण ते नाक वर करून श्वास घेत होते आणि लेकीला विचारत होते, "हे काय तरून राहिले? आन हे?" आम्ही लोकोशेडजवळ थांबलो. तिथं उंच टाकीच्या सोंडेतून इंजिनाला पाणी पाजत होते. धो धो आवाज ऐकून म्हातारा तांग्यात उभाच राहिला.

"अरे बाप्पा! इंजिनबी पानी पेते?"

"पितं की. आणि हे पाणी गावाचं नाही मामाजी, रेल्वेचं. त्यांची विहीर वेगळी, टाकी वेगळी, नळ वेगळे. सरकारचं वेगळं गावच म्हणा."

डोमाजींनी मान डोलावली. पटलंय, असं मला वाटलं. मी लोटा घ्यायला खाली वाकलो तोच ते म्हणाले, "जावई इथंच कामाले हाये ना? दिवसभर तो कोनतं पानी पेते?"

मी देवकाकडे पाहिलं. देवकानं चमेलीच्या शेपटीकडे पाहिलं.

"मंग हे जावयाचं पानी झालं," म्हातारा खुशीत म्हणाला. "चाल पुढं."

पुढं भातगिरण्या. आमच्या गोंदियात आलात आणि गिरण्यांच्या बाजूला फिरला नाहीत तर काय पाहिलंत? उकडलेल्या धानाची ऊब रस्त्यावरच अंगाला लागायची. मोठमोठ्या सिमेंटच्या अंगणात वाफाळतं धान पसरलेलं आणि छत्तीसगढी बायका रांगेनं पायांनी ते उलटंपालटं करत चाललेल्या, गाणं चालूच. डोमाजींनी वहाणा काढल्या आणि कुणाला न विचारता त्या कोमट धानात उतरले. तळपायांना धान लागल्याबरोबर म्हातारा लहान पोरासारखा चालायला लागला. बायका हसून हसून वाकल्या.

"कहाँ ले आय हस बबा?" एकीनं विचारलं.

म्हाताऱ्यानं गावाचं नाव सांगितलं. मी घाईघाईनं गिरणीची विहीर दाखवली. ही गिरणीची स्वतःची विहीर, इथली माणसं रायपूर-दुर्गकडची, बोली वेगळी, गाव वेगळं. दोर खाली सोडला, बादली भरली, वर आली. म्हाताऱ्यानं ओंजळ पुढं केली. तेवढ्यात ती बाई देवकाला पाहून ओरडली, "अरे, देवका! तैं इहाँ?" आणि मग डोमाजींकडे वळून कौतुकानं सांगू लागली, की गल्लीतला नळ आटला की तुमची बेटी याच विहिरीवर येते, आमच्यात बसते, आमची बहीणच आहे ती.

म्हाताऱ्याची ओंजळ उघडी झाली. पाणी धानावर पडलं.

"लेकीच्या बहिनीचं पानी, म्हंजे लेकीचंच," ते म्हणाले. पण चेहऱ्यावर समाधान होतं. लेकीला परगावात बहीण मिळाली म्हणून असावं.

दुपार कलत होती, तुंब्यात थोडंच पाणी राहिलं होतं, आणि देवका आता मागच्या बाकावर तोंड फिरवून बसली होती. बाजारातून जाण्यात अर्थ नव्हता, तो तिचाच मोहल्ला. मी तांगा सिंधी वस्तीकडे वळवला. फाळणीनंतर ही माणसं आली, तेव्हा पोत्यांच्या भिंतींत राहत होती. आता लाकडी खोपटी, कापडाची दुकानं, भट्टीतून निघणाऱ्या गरम पावाचा वास. बोली अशी, की आमच्या गावात कुणाला एक अक्षर कळत नसे. इथं तर गाव वेगळं यात शंकाच नको!

एका दुकानासमोर तांगा थांबतो न थांबतो तोच पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा उठून बाहेर आला. पाहुणा आला की पापड आणि पाणी पुढं करायची त्यांची रीत. त्यानं पितळेच्या ताटलीत भाजलेला पापड आणि गार पाण्याचा पेला डोमाजींसमोर धरला. मी मनात म्हटलं, देव पावला. मागावंही लागलं नाही.

डोमाजींनी पेला हातात घेतला. आणि शहाणपणा केला. विचारलं, "तुमचं गाव कोनतं, भाऊ?"

"हमारा गाँव उधर रह गया, सिंधू के किनारे," सिंधी म्हातारा म्हणाला. "अब जाना नहीं होता."

"मंग आता?"

"अब? अब तो हमारा गाँव गोंदिया है, जी. यहीं मरेंगे."

मी कपाळाला हात लावला. म्हणे यहीं मरेंगे! दुसरा कुणी असता तर पाच मिनिटं आपल्या जुन्या गावाची आठवण काढून रडला असता, आणि माझं काम झालं असतं. डोमाजींनी पेला दोन्ही हातांनी परत दिला, पापड कपाळाला लावला आणि शेल्याच्या टोकात बांधला. मग त्या म्हाताऱ्याचा खांदा दाबून काहीतरी पुटपुटले. तांग्यात बसल्यावर मला म्हणाले, "त्याचं गाव गेलं, त त्यानं गोंदिया घेतलं. मी कसा म्हनू का हे गोंदिया नोहे? पाप लागन."

गाडीची वेळ व्हायला आली होती. चमेलीनं स्वतःच स्टेशनाकडे तोंड केलं, कारण फेरा तिथं संपतो हे तिला ठाऊक. मागून देवकाचं मुसमुसणं ऐकू आलं. त्या आवाजानं मला एकदम छोटा गोंदिया आठवला.

तिकडे मी पाहुण्यांना कधीच नेत नसे. पाहण्यासारखं काय आहे? रेल्वे यायच्या आधीपासूनचं ते खेडं. शेणानं सारवलेली अंगणं, वैरणीचे ढीग, एक तलाव. झाडीच्या माणसाला झाडी काय दाखवायची? पण मी लगाम ओढला आणि चमेलीला उलटी फिरवली. इतकी चिडली की रस्ताभर कान मागं टाकून चालली.

पहिल्याच घराच्या अंगणात सोनाबाई नावाची म्हातारी सुपात धान पाखडत होती. मी ओरडून विचारलं, "माय, घरधनी आहेत का?"

"नाई जी," ती सूप न थांबवता म्हणाली. "ते गोंदियाले गेले हायत."

डोमाजी तांग्यात ताडकन् सरळ झाले. "काय म्हनाली? कोठी गेले?"

"गोंदियाले, गोंदियाले! बाजार हाये ना आज," सोनाबाई वैतागून म्हणाली. "कायले इचारून राहिले?"

म्हाताऱ्यानं माझ्या मांडीवर अशी थाप मारली की अजून आठवते. "नत्थू! हे लोक गोंदियाले जातेत! म्हंजे हे गोंदिया नोहे! हे गाव वेगरं!"

"वेगळंच!" मी ओरडलो. "तलाव वेगळा, मारामायचं देऊळ वेगळं, शिव वेगळी!"

म्हातारा काठी टेकत उतरला. देवकाचा या गावात कुणी सोयरा आहे का, ती कधी इथं आली आहे का, इथलं कधी काही खाल्लं आहे का, सगळं विचारून घेतलं. नाही, नाही आणि नाही. मग तो सोनाबाईच्या विहिरीवर गेला आणि पाणी प्यायला. ओंजळीवर ओंजळ. पाणी कोपरांवरून गळत होतं, धोतर भिजत होतं, आणि मी तांग्यावर उभा राहून शंकरपटातली बैलांची शर्यत जिंकल्यासारखा हात हलवत होतो. सोनाबाईला काही कळेना. पण तिला सगळं सांगितल्यावर तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "पेज मी देत जाईन. डोरे नीट होऊ द्या बुढ्याचे."

डोमाजी दवाखान्यात दाखल झाले. डोळा कापला, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. त्या काळी मोतीबिंदूच्या रोग्याला उताणं निजवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावायचे, मान हलवली तर डोळा गेला म्हणून समजा. मी रोज सकाळी छोट्या गोंदियाला जायचो, सोनाबाईकडून पाण्याची कळशी आणि पेजेचा डबा घ्यायचो आणि दवाखान्यात पोचवायचो. स्टॅंडवरचे तांगेवाले चिडवायचे, नत्थ्या आता पाण्याची बग्घी चालवतो. चिडवू देत. मी गल्लीतून गेलो की लोकांना हाक मारून सांगायचो, मामाजींचं पाणी चाललंय, बाजूला व्हा!

पुढं पट्टी सुटली आणि त्यांना दिसू लागलं, हे इथंच सांगून टाकतो. जाड भिंगांचा चष्मा लागला, पण दिसू लागलं. तलावावरची पाखरं मोजता येतात म्हणून निरोप आला होता. मला जे सांगायचं आहे ते पट्टी सुटायच्या आधीचं.

देवका रोज दवाखान्यात यायची. बापाच्या खाटेशी बसायची, माश्या वारायची, पाय चेपायची. सिस्टर चमच्यानं सोनाबाईची पेज भरवायची आणि ही बाजूला बसून पाहायची. येताना घरून पाण्याचा लोटा आणायची, स्वतःसाठी. पहिले दिवस मला पाहून तिचा चेहरा फुलायचा. नंतर नंतर कळशी पाहिली की ती उठून खिडकीत जायची. मला वाटलं, रोजच्या खेपांनी थकली असेल. मी माझ्या विजयात इतका दंग होतो की दुसरं काही डोक्यात शिरणं शक्य नव्हतं.

एका दिवशी मी गंजात अडकलो. धानाच्या बंड्या बाजारात उतरल्या होत्या, एकीचं चाक निखळून ती आडवी झाली, आणि पुढं-मागं बैलच बैल. गाडीवाले एकमेकांच्या आयामायांचा उद्धार करत होते. चमेली जागच्या जागी नाचत होती. कळशीतलं पाणी हिंदकळत होतं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती.

कळशी घेऊन पायऱ्या चढलो. वॉर्डाच्या दाराशी आलो आणि आतून सिस्टरचा आवाज आला. ती केरळची होती, हिंदीत बोलायची. "अरे, होंठ सूख गए हैं इनके. तुम्हारे लोटे का दे दो ना. बोल दो उधर का ही है. आँख पर पट्टी है, किसको दिखता है?"

"नाई सिस्टर," देवका म्हणाली.

मी दारातच थांबलो. का थांबलो, सांगता येत नाही. देवका बापाच्या उशाशी वाकली होती, तिची पाठ माझ्याकडे होती.

"बाबा," ती म्हणाली, "नत्थूदादा अजून आले नाईत. ह्या लोट्यात माह्या घरचं पानी हाये. फसवून नाई देनार. सांगून देईन."

तिनं लोट्यावरचं झाकण काढलं.

"सगरं गोंदिया तुमी फिरले," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक होत गेला. "इंजिनाचं पानी पाह्यलं, गिरनीचं पाह्यलं, सिंध्याचं पाह्यलं. मी मांगच बसली होती बाबा. जिथं माह्यं नाव निंघालं तिथून तुमी हात मांग घेतला. मीच नत्थूदादाले सांगतलं होतं, बाबाले पानी दाखवा म्हनून. तवा फकत तुमचे डोरे दिसत होते मले. आता रोज ते करशी येते, आन मले वाटते, जिथं मी नाई, तेवढंच पानी माह्या बापाले चालते."

हे ऐकलं आणि हातातली कळशी मला जड झाली. इतके दिवस मी गावभर ओरडत फिरत होतो ते काय होतं, ते मला त्या दारात समजलं. गोंदियाचे इतके मोहल्ले मला पाठ होते, आणि ती मागच्या बाकावर बसली होती.

डोमाजींना मान हलवता येत नव्हती, डोळे उघडता येत नव्हते, आणि पट्टीखाली रडायची डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. त्यांचा एक हात तेवढा खाटेवरून उठला आणि हवेत चाचपडायला लागला. लेकीचं मनगट सापडलं, तिथून लोटा सापडला. त्यांनी तोंड उघडलं.

देवका चमच्या-चमच्यानं पाणी पाजू लागली.

मी एक पाऊल पुढं टाकलं असतं तर म्हाताऱ्याला अजूनही रीत राखता आली असती. माझ्या वहाणा करकरायच्या, म्हणून त्या हातात घेतल्या आणि अनवाणी पायऱ्या उतरलो. खाली चमेली घामानं निथळत उभी होती. छोट्या गोंदियाचं सगळं पाणी मी तिच्या बादलीत ओतलं. तिनं एका दमात संपवलं.

थोड्या वेळानं वहाणा वाजवत वर गेलो. देवका पदरानं बापाची हनुवटी पुसत होती. लोटा रिकामा, आडवा पडलेला.

"मामाजी, उशीर झाला," मी म्हणालो. "गंजात बंड्या अडल्या होत्या."

"बरं झालं," डोमाजी म्हणाले. "उद्याबी अडू दे."